पॅकिंगची काटकसर

उसाच्या हंगामात जेऊर स्टेशनातून बाहेर पडून करमाळ्याच्या रस्त्याला लागलं की ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. एक आवाज असतो मडगार्डवरच्या स्पीकरचा आणि दुसरा इंजिनाच्या कुशीतून येणारा, टिक-टिक-फट असा. पहिला मालकाने पैसे खर्चून बसवलेला असतो, दुसरा पैसे न खर्चल्यामुळे आपोआप बसलेला असतो. आणि गंमत अशी, की दुसऱ्या आवाजाचाही अभिमान बाळगणारे लोक आहेत. "आवाज बघा की, ताकद हाय गाडीत!" असं म्हणतात. ती ताकद सायलेन्सरपर्यंत न पोचता वाटेतच निघून चाललेली असते, हे कुणी सांगायचं?

आवाज ओळखायची विद्या या भागाला नवी नाही. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि पाण्याबरोबर ऊस आला, कंदरची केळी आली, पाणी उपसायची इंजिनं आली. इंजिन नुसतं ऐकून "मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय" असं सांगणारी माणसं पारावर तेव्हापासून आहेत. निदान फुकट मिळतं. अडतं ते औषधाला.

पॅकिंग का उडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाच्या हेडमध्ये पाणी खेळतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपास राहतं. त्याला चिकटलेलं, धूर सायलेन्सरकडे नेणारं बिडाचं मॅनिफोल्ड मात्र भरल्या ट्रॉल्या ओढताना चार-पाचशे अंशांपर्यंत तापतं. हातभर लांबीचं बीड चारशे अंशांनी तापलं की दीड-दोन मिलिमीटर वाढतं, थंड झालं की पुन्हा आकसतं आणि दोघांच्या सांध्यातलं पॅकिंग दर वेळी घासलं जातं. कारखान्याच्या रांगेत हे दिवसभर चालू असतं. मॅनिफोल्डची भोकं बोल्टापेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच. बिडाला सरकायला जागा हवी असते. पण आपल्याकडे एखादा हुशार माणूस त्या मोकळ्या भोकात पत्र्याची चकती ठोकून 'फिट' करतो आणि मग मॅनिफोल्ड तडकलं की कंपनीला शिव्या देतो.

या रोगाचा खोडकरपणा असा, की सकाळी गार इंजिनाला टिकटिक स्पष्ट ऐकू येते. मालक ट्रॅक्टर घेऊन वस्तीवरून गॅरेजला निघतो. पोचेपर्यंत बीड तापून फुगतं, फट बुजते आणि मिस्त्रीसमोर इंजिन शहाण्या मुलासारखं उभं राहतं. "कुठं हाय आवाज, मालक?" मालक म्हणतो, "सकाळी हुता." मिस्त्री मग आवाजाच्या नादी लागत नाही, सांध्यावर काजळीचा ओघळ शोधतो. काजळी खोटं बोलत नाही.

आता खरं नाटक सुरू होतं. आठ-दहा लाखांचा ट्रॅक्टर कर्ज काढून घेणारा माणूस पॅकिंगच्या किमतीवर घासाघीस करतो. "जुनंच उलटं करून बसतंय का बघा." बसतं, पण टिकत नाही. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग पुन्हा उसळत नाही. ऑइलच्या झाकणाला जाड लग्नपत्रिका कापून लावणारे कारागीर आहेत आणि तिथे ते कधीकधी निभतंही. एक्झॉस्टला मात्र पत्रिका वधूवरांसकट जळून जाते. नळीतलं सिलिकॉनही तिथे टिकत नाही. तिथे ग्रॅफाइट आणि पत्र्याचं किंवा अनेक पोलादी पत्र्यांचे थर असलेलं पॅकिंगच हवं. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पॅकिंगचा भुगा मात्र कोरडा खरवडू नये, फुंकू तर मुळीच नये. तो फुफ्फुसात बसतो.

बोल्टांची गोष्ट आणखी मजेची. माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे भारी माल, अशी सरळ समजूत आहे. पण उष्णतेत नुसती ताकद पुरत नाही. चकचकीत जस्ताचा मुलामा ४२० अंशांपुढे वितळतो. स्टेनलेस स्टील लोखंडापेक्षा जास्त वाढतं आणि त्याचे आटे एकमेकांत अडकून बसायची भीती असते. साधे स्प्रिंग वॉशर तापून मऊ पडतात. म्हणून कंपनीने दिलेल्या जातीचा स्टड आणि त्यावर पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट ही जुनी जोडी अजून चांगली. पितळी नट गंजून धरत नाही, पुढच्या वेळी सुटतो.

आणि आवळणं! पान्ह्याला पाईप घालून लोंबकळणं हा आपला राष्ट्रीय उपाय. स्टड हेडमध्ये तुटला, की ड्रिल, वेल्डिंग आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, शिवाय कारखान्याची रांग हुकते ती वेगळीच. गळती जोराने थांबत नाही, सारख्या दाबाने थांबते. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फट दिसली तर लेथवर फेस मारून घ्यायचा, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला जात दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क पान्ह्याने आवळायचं. किती, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. ते पुस्तक सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं मिळेल.

काटकसर वाईट नाही. या कमी पावसाच्या तालुक्यात तिच्यावरच घरं उभी राहिली. पण ती कुठे करायची, याचं भान हवं. टर्बो असलेल्या इंजिनाची गळती टर्बोच्या आधी असेल, तर हवेचा दाब पडतो, धूर वाढतो आणि डिझेल जास्त जातं. गळका धूर ड्रायव्हरच्या नाकाशी येतो. बंद शेडमध्ये त्यातलाच कार्बन मोनॉक्साइड जीवावर बेततो.

तेव्हा मंडळी, कारखान्यात हंगामाची पहिली मोळी पडायच्या आधी एक काम करा. पॅकिंग नवं घ्या, नट नवे घ्या, आणि इंजिन एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर, पुस्तक नको म्हणत नसेल तर, पान्हा पुन्हा एकदा फिरवा. पैसे वाचवायचेच असतील, तर स्पीकर एक कमी लावा.