टिंबवाले सर

वसईत इतिहासाचं पुस्तक लिहायला घेतलेला निवृत्त माणूस शोधावा लागत नाही. तो स्वतःच पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येतो. स्टेशनच्या पश्चिमेला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान असलेल्या कुणालाही विचारा. आमच्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे सर. सरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. फोर्टातल्या एका कचेरीत ते टंकलेखक होते. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एवढ्यावर आमच्याकडे माणूस सर होतो.

पुस्तकाचं नाव ठरलंय. मुखपृष्ठावर किल्ल्याचा फोटो ठरलाय. अर्पणपत्रिकेतून कोणत्या मेव्हण्याला वगळायचं, तेही ठरलंय. सध्या अनुक्रमणिका चालू आहे. सध्या म्हणजे गेल्या गणपतीच्या आधीपासून.

सर अनुक्रमणिका टिंबांनी भरतात. ‘बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे (१५३४)’ एवढं टाइप करायचं, मग एका बोटानं टक टक टक टिंबं, आणि कडेला पोचलं की ९. खाली ‘चिमाजी अप्पांची मोहीम (१७३९)’, पुन्हा टिंबांची रांग, ४१. त्याखाली ‘वसईचा तह (१८०२)’, ८८. टाइपरायटरवर टिंबाची कळ दाबली की गाडी ठरलेलं एक घर सरकायची. हिशेबानं टिंबं मारली की काम फत्ते. कॉम्प्युटरच्या फाँटात ज्या त्या अक्षराची रुंदी वेगळी. ‘र’ कोपऱ्यात भागवून घेतो, ‘क्ष’ ऐसपैस बसतो. तेव्हा सरांचे पानांचे आकडे विरार लोकलसारखे, काही आत, काही दाराला लटकलेले. एक टिंब कमी केलं तर आकडा आत ओढला जातो, वाढवलं तर थेट खालच्या ओळीवर उतरतो.

मग सर खिशातून स्टीलची पट्टी काढतात, मॉनिटरला लावतात आणि एक डोळा मिटून सांगतात, “बाळा, तुझा स्क्रीनच वाकडा आहे.”

मी सांगतो, “सर, टिंबं मारायचीच नसतात. पंधरा पूर्णांक नऊ सेंटिमीटरवर उजवा टॅब लावायचा, लीडरमध्ये दोन नंबरचा टिंबांचा पर्याय घ्यायचा. मग मथळ्यानंतर एकदाच टॅब दाबला की टिंबं आपोआप भरतात आणि आकडा उजवीकडे चिकटून बसतो.”

“आपोआप?” हा शब्द सर औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचावी तसा उच्चारतात. चाळीस-चाळीस पानांची टिपणं कार्बन लावून बिनचूक काढलेला माणूस. स्वतःच्या बोटाखालून न गेलेल्या टिंबाची हमी तो कशी देणार? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या निम्म्या वयाची आमची गिऱ्हाइकंही, हातात लॅपटॉप असून, प्रबंधाच्या अनुक्रमणिकेत स्पेसबारच बडवतात. सर निदान पट्टी तरी आणतात.

एकदा मी म्हटलं, “टॅबसुद्धा नको. मथळ्यांना हेडिंगची स्टाइल देतो. सगळी अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसकट मशीनच करील.”

“करून दाखव.”

मी पुस्तकाची मूळ फाइल उघडली, सापडतील त्या मथळ्यांना स्टाइल दिली आणि अनुक्रमणिका घातली. सुरेख आली. टिंबं सरळ, आकडे एका रेषेत. ओळी दोन : मनोगत, १. ऋणनिर्देश, २.

सरांनी चष्मा पुसला. “बाकीची पंचवीस प्रकरणं?”

“ती फाइलमध्ये नाहीत, सर.”

“अनुक्रमणिकेत आहेत ना!”

“पण ती लिहिलेली नाहीत.”

“लिहायची आहेत, हे तुझ्या मशीनला कळत नाही?” सर गरजले. शेजारी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या काकूंनी माझ्याकडेच रागानं पाहिलं. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ला केलेलं सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन, निर्मळची जत्रा, केळी वाळवून सुकेळी कशी करतात, हे सगळं सरांच्या डोक्यात पानवारीसकट तयार होतं. सुकेळीला त्यांनी १३७ ते १४४ अशी आठ पानं राखून ठेवली होती. मशीनचा हा निव्वळ आगाऊपणा.

आठवडाभर सर फिरकले नाहीत. मग आले ते खुशीत. पेनड्राइव्ह लावायला सांगितला. फाइलमध्ये सत्तावीस पानं. मनोगत आणि ऋणनिर्देश सोडले तर प्रत्येक पानावर मथळा, मथळ्याला हेडिंगची स्टाइल, आणि खाली काही नाही.

“आता कर अपडेट,” सर म्हणाले.

केलं. सत्तावीस ओळी, सत्तावीस आकडे. सरांनी पट्टी लावली. केसभरही फरक नव्हता.

“वा! आता दोन प्रती काढ. स्पायरल कर, एक वाचनालयाला द्यायची आहे.” मग जरा पुढे वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, “आणि काय रे, कोऱ्या पानांचेही तेवढेच पैसे लावतोस?”