बंदीच्या मोसमातले काका

"रिटायर झाल्यापासून नुसत्या माश्या मारतायत," असं काकू आल्यागेल्याला सांगते. काका व्हाइसवरची मान न उचलता दुरुस्ती करतात, "मारत नाही, बांधतो."

दोघंही खरं बोलतात. झाशीच्या वॅगन कारखान्यात जन्मभर फिटर असलेल्या काकांनी अंगठ्याएवढा व्हाइस घरीच घडवलाय. त्यात तांदळाच्या कणीएवढा गळ धरायचा, त्यावर रेशीम, पीस, लोकर गुंडाळायची आणि पाण्यावरच्या चिलटासारखं काहीतरी तयार करायचं. अशा खोट्या माशीनं ट्राउट पकडतात. "कतला आहे काय, की पीठ फेकलं अन् आला?" असं विचारून काका पुढचा अर्धा तास आपला करून घेतात. माशीला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. वजन दोरीला दिलेलं असतं. ती चाबकासारखी मागे-पुढे झुलवायची आणि माशी पाण्यावर अशी टेकवायची, की माशाला वाटावं ही आपल्या पायांनी आली.

आता काही अडचणी. पहिली म्हणजे काका मासे खात नाहीत. आमचं घराणं नेवाळकरांच्या सुभेदारीत कोकणातून इकडं आलं आणि मासे तिकडंच ठेवून आलं, असं आजोबा म्हणत. खरं तर तिकडंही खात नव्हतं. काकांच्या मते हीच त्यांची जमेची बाजू. पकडायचा, बघायचा, ओल्या हातानं पाण्यात सोडायचा. त्यासाठी गळाचा उलटा काटासुद्धा ते पक्कडीनं चपटा करून ठेवतात.

दुसरी अडचण पिसांची. मोरपिसं इकडं शेताच्या बांधावर गळालेली सापडतात, आणि ट्राउटच्या माशीला मोरपिसाच्या तंतूसारखं दुसरं काही नाही. पण कोंबड्याच्या मानेची पिसंही लागतात. ती घरात आली त्या दिवशी काकूनं १८५७ काढलं. "गोडसे भटजी झाशीत राहून गेले. वेढा बघितला, लूट बघितली, सगळं लिहून ठेवलं. पण कऱ्हाड्यांच्या घरात कोंबड्याची पिसं बघितल्याचं काही लिहिलेलं नाही." तेव्हापासून पिसांचा डबा जिन्याखाली, सायकलच्या कॅरिअरवर असतो.

तिसरी अडचण अशी, की झाशीत ट्राउट नाही. नसणारच. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या गावाच्या नदीत तो उकडून निघेल. त्याचं भारतातलं मूळ काका आपल्या वंशावळीसारखं सांगतात. १८९९ साली परदेशातून काश्मीरकडं निघालेली अंडी वाटेतच मेली. इथं ते जरा थांबतात, घरातलंच कुणी गेल्यासारखे. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. मग हॉवेल नावाच्या साहेबानं १९०९ साली काश्मीरची अंडी कुलूला नेली आणि कटराईंजवळ महिलीला हॅचरी काढली. "ब्यासमधला प्रत्येक भुरा ट्राउट त्यांचाच नातू-पणतू," असं म्हणताना ते पणतवंडांची नावंही सांगतील की काय, अशी भीती वाटते.

पण काकांचं खरं दुखणं चौथंच. मुलानं डेन्व्हरहून काठी पाठवली, नऊ फुटी, चार तुकड्यांची, आणि सोबत एक जाडं पुस्तक, हिवाळ्यातल्या ट्राउटवरचं. तिकडं धरणांखाली नदी गोठत नाही, तिथं बर्फात उभं राहून मासेमारी चालते. थंडीत माशाची भूक मंदावते, तो धारेतून निघून संथ, खोल डोहात बसतो, अगदी नाकासमोर आलं तरच खातो. म्हणून माशी बारीक, दोरा बारीक, वेळ दुपारची. हे पुस्तक काकांना जवळजवळ पाठ आहे. आणि हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी आहे, कारण त्या थंडीतच तो अंडी घालतो.

दुसरा कुणी असता तर त्यानं उन्हाळ्याचं पुस्तक मागवलं असतं. काकांनी बंदीच आपलीशी केली. "सरकार शहाणं आहे. बाळंतिणीला कुणी गळ टाकतं काय?" मग मार्चमध्ये जा की! मार्चमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं. एप्रिल-मेमध्ये लग्नं. पावसाळ्यात गढूळ. ऑक्टोबर आदर्श, पण दिवाळीची रंगरंगोटी. आणि घरची सगळी कामं उरकून माणूस मोकळा होतो, तो बरोबर १ नोव्हेंबरला.

त्यामुळं हिवाळाभर ते गच्चीवर असतात. जानेवारीत झाशीला असं धुकं पडतं, की किल्ला आहे हे विश्वासावर मानावं लागतं. स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर, हातात काठी. गोठत्या हवेत काठीच्या कड्यांत बर्फ धरतं, तिथं तेल लावावं, असं पुस्तकात होतं. काकांनी खोबरेल लावलं. ते झाशीच्या थंडीत कड्यांतच थिजलं. झाशीत बर्फ जमवणारा पहिला मच्छीमार म्हणून त्या आठवड्यात ते खूश होते.

एकदा मला ते नोटघाटच्या पुलाशी बेतव्यावर घेऊन गेले. हिवाळ्यातली बेतवा निवळशंख, काळ्या दगडांतून वाट काढणारी. काठीला गळ नव्हता, लाल लोकरीचा गोंडा होता, फेकण्याचा सराव म्हणून. दोरी खरोखर सुंदर पडत होती, हे कबूल करायला हवं. बाजूला एक केवट कणकेच्या गोळ्या वळत बसला होता. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "कक्का, जो का कर रए?"

काका सांगू लागले. पाणी वाचायचं असतं. तो खडक बघ. त्याच्यामागं धार फुटते, जोराचं आणि संथ पाणी जिथं घासतं तिथं एक रेघ दिसते. मासा त्या रेघेच्या आत उभा असणार, दमायला नको आणि जेवण समोरून वाहत यावं म्हणून.

केवटानं "हओ" म्हटलं आणि गोळी रेघेच्या आत टाकली. दोरी ताणली. वीतभर महासेर वर आला.

"सोड, लहान आहे!" काका ओरडले. त्यानं काकांकडे आदरानं पाहिलं आणि मासा झोळीत टाकला. परतताना काका टेम्पोत गप्प होते. मग खंडेराव गेट आल्यावर म्हणाले, "जागा बरोबर होती."

पुढच्या वर्षी मी हट्टानं २ मार्चचं चंदिगडचं तिकीट काढलं, तिथून बंजारला पोचवायची, तीर्थन नदीवर हिमाचली परवाना काढून द्यायचीही सोय केली. काकांनी बॅग भरली. २७ फेब्रुवारीला फोन आला. आवाज पडलेला. पाणी वाढलं असणार, गुडघा दुखतोय, शेजारच्यांकडे मुंज आहे. मी तिकीट रद्द केलं. दोन दिवसांनी काकूचा फोन. मुंज एप्रिलात आहे. गुडघा ठणठणीत आहे. जिन्याखालचा डबा वर आलाय.

काकांची एक वही आहे. तारीख, तापमान, माशी, काय धरलं, काय सोडलं. गेल्या हिवाळ्यात चोरून वाचली. काकूचं वाळत टाकलेलं पातळ तीनदा, शेजारची अँटेना दोनदा, सगळं विनाइजा सोडलेलं. आणि शेवटची नोंद:

"१४ जानेवारी. तापमान ६. वारा नाही. माशी मोरपिशी, २२ नंबर. धरलं: माकडटोपी, खाकी, मध्यम. आत श्रीवास्तवजी होते. दोन्ही सोडले."