डीसी लाइन, एसी फाइल

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला विजेची एक लाइन जाते. लांबी सुमारे साडेसातशे किलोमीटर, दाब ५०० केव्ही, क्षमता १५०० मेगावॅट आणि प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेनं जाणारा. १९९९ पासून ती इमानेइतबारे जातेच आहे. कोळसा आमचा, राख आमची, उन्हाळ्यातलं ४७ अंशही आमचंच. उजेड तेवढा पुढे पाठवलेला.

इकडच्या फायली मात्र एसी असतात. जातात आणि येतात. एसीची ये-जा सेकंदाला पन्नास वेळा होते, फायलीची वर्षाकाठी एकदा. त्यामुळे झटका बसत नाही, डुलकी लागते.

सध्या अशा येरझारा घालते आहे ती गडचिरोलीच्या आतल्या अंगाच्या एका शाळेची फाइल. शाळेचं नाव सांगत नाही. छापलं तर ‘वर्तमानपत्राकडे का गेलात, खुलासा करा’ असं पत्र मुख्याध्यापकांना जाईल, आणि ते मात्र दोन दिवसांत पोचेल. फायलीचा विषय : नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्युत दुरुस्तीचा व्यवसाय अभ्यासक्रम सुरू करण्यास मान्यता मिळणेबाबत. सरकारी मराठीत ‘मिळणे’ला ‘बाबत’ चिकटलं की ‘मिळणं’ मागे राहतं आणि ‘बाबत’ पुढे सरकते.

मुख्याध्यापकांचं म्हणणं साधं होतं. शाळेतल्या निम्म्या ट्यूबा बंद. वायरमन तालुक्याला राहतो आणि बाजाराच्या दिवशी सापडला तर सापडतो. तेव्हा पोरांनाच शिकवावं. इथवर ठीक होतं. पण त्यांनी परवानगी मागितली.

पहिली त्रुटी भाषेची निघाली. प्रस्तावात त्यांनी ‘वायरमन’ लिहिलं होतं. हा वायरमन म्हणजे तारतंत्री की वीजतंत्री? आयटीआयच्या पाटीवर हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. फिटरला तिथं जोडारी म्हणतात आणि वेल्डरला संधाता. (गावात ‘संधाता कुठे भेटेल’ विचारून पाहा. लोक देवळाकडे बोट दाखवतात.) मुख्याध्यापकांनी दोन्ही शब्द लिहून मध्ये तिरपी रेघ मारली. ‘तिरपी रेघ कोणत्या शासन निर्णयानुसार’ अशी पृच्छा अजून आलेली नाही, पण आशा सोडू नये.

दुसरी त्रुटी योजनेची. राज्यात १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’ आले. शेजारी ‘द्विलक्षी’ होतेच. मग कौशल्यांच्या राष्ट्रीय पात्रता आराखड्याप्रमाणे नवी नावं, नवे स्तर आणि नवे नमुने निघाले. योजनेचं नाव बदललं की जुन्या नावानं पाठवलेला प्रस्ताव आपोआप निकाली निघतो. प्रशासनातली ही सर्वांत जलद सेवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल असं लिहिलं होतं. आमच्या शाळेची ओळख झाली. व्यवसाय शिक्षणाच्या आवक-जावक लिपिकाशी.

तिकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतल्या पोरांच्या हातात पक्कड, टेस्टर, वेल्डिंगचा मुखवटा दिला. पोरं गावातली खरी कामं करत शिकली आणि पुढे तो शाळेतला मान्य विषय झाला. आधी काम, नंतर मान्यता! आमच्या मुख्याध्यापकांनी ते वाचलं होतं, फक्त क्रम उलटा लक्षात ठेवला.

शिवाय पाबळ माळरानावर आहे. इथं जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. शाळेच्या मागं चेंडू टोलवला तर तो वनखात्याच्या हद्दीत पडतो. कार्यशाळेची शेड तिथंच बसत होती. कायदा पाहिला तर चक्क बाजूनं निघाला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सुविधा दिल्या आहेत. जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. त्या तेरांत विजेच्या तारा आहेत आणि व्यवसाय प्रशिक्षण केंद्रंही आहेत. म्हणजे दिल्लीवाल्यांनी तार आणि तारतंत्री एकाच यादीत बसवले. ग्रामसभेनं एका संध्याकाळी ठराव केला. कोरम भरला, कारण लाइन गेली होती आणि टीव्ही बंद होते.

मग तिसरी त्रुटी आली, विजेची. कार्यशाळेला थ्री-फेज हवी, गावात सिंगल. थ्री-फेजसाठी खांब हवेत, खांबांसाठी जंगलातून वाट, वाटेसाठी प्रस्ताव, आणि प्रस्तावाला जोडायला कार्यशाळेचं मान्यतापत्र. कागदावर गावाचं विद्युतीकरण केव्हाच झालेलं आहे. केंद्राच्या व्याख्येत शाळा, पंचायत अशा जागी आणि दहा टक्के घरांत वीज पोचली की गाव उजळलं. उरलेल्या नव्वद टक्क्यांनी उजळलेल्या दहांकडे पाहायचं.

हे सगळं मुख्याध्यापक मला त्यांच्या खोलीत सांगत होते, तेवढ्यात पंखा थांबला. त्यांनी नुसती मान वळवली. नववीतला एक पोट्टा उठून आला. पायात रबरी चप्पल. त्यानं मेन स्विच पाडला, लाकडी बाक ओढून त्यावर चढला, फ्यूजची किटकॅट उपसून तिची जळकी तार नखानं काढली. खिशातून वायरीचा तुकडा निघाला. दातानं सोलून त्यातली एकच बारीक तार वेगळी केली आणि पिळून बसवली. मी म्हटलं, जाड घाल, पुन्हा जाणार नाही. पोट्टा माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाला, “जाडी टाकली त फ्यूज नाई जात जी, घर जाते.” स्विच वर केला तेव्हा त्याचा डावा हात खिशात होता.

हिवाळ्यात हा वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकांत लाइटवाल्यासोबत रात्रभर फिरतो. मूळ धडे काकाचे. चप्पल, बाक आणि खिशातला हात, हे सगळं काकांनीच शिकवलं. काका कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, “धानाच्या बांधीत गेला. डुकरासाठी तार सोडली होती कोणीतरी.”

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विजेचं एक कौशल्य मान्यतेवाचून जोरात चालू आहे. बांबूच्या खुंट्या, उघडी तार आणि लाइनवर टाकलेला आकडा. त्याला ना अभ्यासक्रम लागतो ना नमुना. रात्री त्यावर रानडुक्कर येतं, कधी वाघ येतो, कधी पाणी पाहायला निघालेला शेतकरी, कधी तार लावणारा स्वतः. वाघ गेला तर चौकशी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण उघडी तार म्हणजे काय आणि आकडा का टाकू नये, हे नववीच्या वर्गात फळ्यावर काढून सांगायचं तर त्याला तीन प्रतींत प्रस्ताव लागतो.

परवा फाइल पुन्हा आली. या खेपेस शेरा लांब होता. सदर विद्यार्थी अल्पवयीन असून विजेचे काम धोक्याचे आहे. सबब पालकांची संमतीपत्रे आणि शाळेतील वीजजोडणी सुरक्षित असल्याचा परवानाधारक वीजतंत्र्याचा दाखला, तीन प्रतींत जोडून फेरप्रस्ताव सादर करावा. गावात परवानाधारक कोणी नाही. होण्याची इच्छा असलेले सोळा आहेत, त्यांची यादी मागच्या पानावर आहे.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि संमतीपत्राचा नमुना झेरॉक्स मशीनवर ठेवला. पहिली प्रत निघाली. दुसरी अर्धी बाहेर आली आणि मशीन बंद पडलं. त्यांनी दारातून वर्गाकडे पाहून हाक मारली, “अरे, ये रे जरा. अन् चप्पल घालून ये.”