तेहतीस इंची माणूस

गिरगावात माणसाची ओळख पूर्वी त्याच्या वाडीवरून, शाळेवरून आणि गणपतीच्या मंडळावरून व्हायची. अलीकडे एक जमात अशी निघाली आहे की तिची ओळख टायरच्या इंचांवरून होते. ‘तो अजून एकतीसवरच आहे,’ असं या जमातीतला एकजण दुसऱ्याबद्दल सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात शेजाऱ्याचा मुलगा पुन्हा बारावीला बसलाय हे सांगतानाची कणव असते.

या जमातीचा अस्सल नमुना खोताच्या वाडीत राहतो. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी फोर्टात, खुर्चीवरची. पँटला आठ खिसे. किल्ल्यांच्या जुडग्याला गिर्यारोहकांची लोखंडी कडी. त्या कडीने आजवर त्या जुडग्याखेरीज काहीही पेललेलं नाही.

वाडी वसली अठराव्या शतकाच्या अखेरीस. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांनी आपली जमीन तुकड्यातुकड्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकली आणि बाहेरून लाकडी जिने, वर कौलं, पुढे ओटी अशी टुमदार घरं उभी राहिली. मोटार तेव्हा जगातच नव्हती. त्यामुळे ती वळवायला जागा सोडावी, हे कुणाच्या मनात येण्याचा प्रश्न नव्हता. आतल्या बोळांत दोन माणसं उघड्या छत्र्या घेऊन समोरासमोर आली, तर एकाला छत्री मिटावी लागते. अशा ठिकाणी राहून या गृहस्थाने १,८२० मिलिमीटर रुंदीची महिंद्राची थार जीप घेतली. घेऊन झाल्यावर ती त्याला अरुंद वाटू लागली.

आत्ताच्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाणारी, फोर बाय फोर. गिरगाव ते फोर्ट या प्रवासातली सगळी दऱ्याखोरी पार करायला एवढं पुरेसं होतं. पण गाडीच्या टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं त्याने एका रविवारी वाचलं आणि घराची शांती गेली.

हे आकडे तो कुणालाही, कधीही, मयताहून परततानासुद्धा समजावून देतो. रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आतली रिम १६ इंची. सगळं मिळून चाकाची उंची ७७४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. त्याने बसवले २८५/७५ आर १६. उंची ८३४, म्हणजे तेहतीस इंचांना हात लागले. फरक ६० मिलिमीटरचा. पण चाक गोल असल्यामुळे त्यातले निम्मे वर जातात, आणि गाडी उचलली जाते ३० मिलिमीटरने. म्हणजे सव्वा इंच. या सव्वा इंचाची किंमत त्याने घरी खरीच सांगितली, फक्त ती एका टायरची होती. आई पाचांची समजून चालली आहे.

नवे टायर बसले आणि पहिल्याच वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवताच आतल्या बाजूला घासले. मग दोन इंची लिफ्ट किट आलं. लांब स्प्रिंगा, लांब शॉकअप. गाडी वर गेली. पण थारचा मागचा ॲक्सल एकसंध आहे. त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंग लांब केल्याने तसूभरही वर जात नाही. चाकं जिथे, तो तिथे. त्याला उचलतो फक्त मोठा टायर. तेव्हा दगडावर आपटणारी वस्तू त्या सव्वा इंचानेच वर आली आणि दोन इंच वर गेले ते बसणारे.

बसणाऱ्यांत आई आहे. तिला आता गाडीत चढता येईना, म्हणून दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी पायऱ्या लागल्या. दगडावर सगळ्यात आधी आता या पायऱ्याच आपटतील. मोठ्या टायरांमुळे गाडीचा पिकअप मंदावला, ब्रेकवर पाय जरा आधीच जाऊ लागला. मागच्या दारावर टांगलेल्या जाडजूड स्टेपनीने दाराच्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, म्हणून त्याही बदलल्या.

या साखळीचा मूळपुरुष अमेरिकेत होऊन गेला. मिसूरी राज्यातल्या बॉब चँडलरने आपल्या १९७४ च्या फोर्ड पिकअपला मोठे टायर बसवले. त्या टायरांनी ॲक्सल मोडू लागले, म्हणून लष्करी वाहनांचे ॲक्सल आले. ॲक्सल दणकट झाले म्हणून आणखी मोठे टायर आले. असं करता करता तो उभ्या मोटारींवरून गाडी नेऊन त्या चिरडू लागला आणि ६६ इंचांवर पोचला. ‘बिगफूट’ नावाच्या त्या गाडीतून मॉन्स्टर ट्रक हा अख्खा तमाशा जन्माला आला. वाडीकराच्या मोबाइलवर तिचा फोटो आहे. चिरडायला मोटारी गिरगावात भरपूर आहेत, पण सगळ्या ओळखीच्यांच्या.

टायर बदलल्यापासून गाडीचा मीटर सात टक्के खोटं बोलतो. चाक मोठं, म्हणून एका फेऱ्यात जास्त अंतर. मीटर मात्र जुन्याच हिशोबाने मोजतो. कंपनीचा मीटर बिनचूक होता असं धरलं, तर काटा साठवर असताना गाडी पासष्टला टेकलेली असते. कोस्टल रोडच्या बोगद्यात मर्यादा साठची आहे, तिथे तो काटा पंचावन्नवर धरून पुण्यवान चेहऱ्याने जातो. या खोटेपणाचा फायदाही आहे. पेट्रोल फार पितेय का, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, ‘शंभर किलोमीटर गेलं की मीटर त्र्याण्णवच दाखवतो हो, ॲव्हरेज तेवढा वाईट नाही.’ सात टक्के माफ केल्यावरही तो वाईटच उरतो.

कायद्याचा विषय निघाला की तो चहा मागवतो. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘दर बदलामागे’ हे शब्द त्याला टोचतात, कारण मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. ताडदेवच्या आरटीओपुढे कधी उभं राहायची वेळ आलीच तर असावेत म्हणून मूळचे पाच टायर त्याने ओटीवर एकावर एक रचून ठेवलेत. आईने त्यावर पाट टाकून भाजी निवडायची सोय केली आहे.

समोरच्या घरातले काका जुन्या जीपचे भोक्ते. महिंद्रांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीला विलीस जीप जोडायला घेतल्या त्या इथून हाकेच्या अंतरावर, माझगावात, हे ते अभिमानाने सांगतात.

‘त्या जीपचा टायर किती रुंद होता, ठाऊक आहे? सहा इंच. सहा इंचांवर महायुद्ध जिंकलं त्यांनी. तुझा किती?’

‘सव्वाअकरा, काका.’

‘मग तुझं युद्ध कुणाशी रे?’

उत्तर म्हणून तो आइसलंड काढतो. तिथे बर्फावर फिरणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंची टायर असतात आणि हवा चार-पाच पीएसआयपर्यंत उतरवलेली. टायर पसरतो, वजन विभागलं जातं, गाडी बर्फात रुतत नाही. वाळूतही तत्त्व तेच. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याजवळ रीलसाठी समुद्रात घातलेल्या दोन थार अडकल्या, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा त्याने आठवडाभर ‘प्रेशर उतरवलं नसणार’ एवढंच निदान सांगितलं. भरतीचा उल्लेख केला नाही. पंक्चरवाल्याकडे जाऊन तो ‘अठरावर आण’ म्हणतो, तेव्हा जन्मभर हवा भरत आलेला तो माणूस आधी टायरकडे आणि मग याच्याकडे बघतो.

त्याची खरी आशा पावसावर. जुलै लागला की तो खिडकीत बसतो. २६ जुलै २००५ च्या आठवणी तो अशा सांगतो की जणू त्या दिवशी वाडीतून होड्या चालल्या. वास्तविक त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गिरगावाजवळच्या कुलाब्याला ७३. पाण्यासाठी दर पावसाळ्यात तुंबणारी हिंदमाता गाठायची, तर महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठाल्या टाक्या बांधून तिथलं पाणी पळवायला घेतलं. महापालिका वेळेवर काम करत नाही, ही गिरगावकराची पिढीजात तक्रार. हा एकटाच असा निघाला, ज्याला ती थोडी लवकर वाटली.

वर्षातला एक दिवस मात्र त्याचा असतो. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते. ढोल-ताशे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका आणि त्यांच्यामागे भगवा पताका लावलेली ही थार. ताशी तीन किलोमीटर वेग, फोर-लो गिअरमध्ये. या गिअरची गरज काय, असं ढोलपथकातल्या पोराने विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘कंट्रोल राहतो.’

एरवी गाडी वाडीच्या बाहेर, जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर उभी असते. ती हलवली तर जागा जाते, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून तो भुयारातून कामावर जातो. आठपैकी एका खिशात मेट्रोचं कार्ड असतं. डब्यात उभ्या उभ्या तो पस्तीस इंची टायरांचे व्हिडिओ बघतो. त्यांना चार इंची लिफ्ट लागेल, पुढचा बंपर कापावा लागेल, डिफरन्शियलचे दात बदलावे लागतील. आईने अजून एका पायरीचं माप देऊन ठेवलं आहे, आणि पाच टायर अजून रचायचे असतील तर ते दाराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्हीकडे बसायची सोय होईल, असंही बजावलं आहे.