इंग्रजी आठ

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एक शोध लावला होता. तो नऊ दिवस टिकला.

माल होता सीआर-३९. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे चष्म्याच्या काचांचं प्लॅस्टिक. त्यावर अल्फा कण आदळला की आतल्या साखळ्या तुटतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही. मग तुकडा ७० अंशांच्या कॉस्टिक सोड्यात सहा तास शिजत ठेवायचा. सोडा दुखावलेली जागा आधी खातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली देवीच्या व्रणांसारखे गोल खळगे उमटतात. १९७८पासून जगभर लोक असे कण मोजताहेत. सोड्याआधी अतिनील लेसरचे ठोके दिले तर खळगे लवकर वाढतात का, एवढंच मला बघायचं होतं.

आठव्या तुकड्यावर ते वाढले नाहीत. गायबच झाले. कानाकोपरा धुंडाळला, एक खळगा सापडेल तर शपथ!

लेसरने कणांचे माग पुसले! आईने पेढे वाटले. मी पोस्टर छापून घेतलं, तेही फ्लेक्सवर. मागे सूर्यकिरणं वगैरे.

मॅडमनी तुकडा चिमट्यात धरून विचारलं, "वरची बाजू कुठली?"

"नंबर कोरलाय ना मॅडम. सुलटा वाचता येतो ती वरची."

त्यांनी तुकडा उलटला. इंग्रजी आठ. पुन्हा उलटला. आठच.

सातपर्यंत ही युक्ती चालली होती, हे माझं दुर्दैव. मराठी आठ कोरला असता तर उलटा पडल्यापडल्या बोंबलला असता.

पाठीमागे खळग्यांची जत्रा भरली होती. अल्फा कण शिरतो जेमतेम तीसेक मायक्रॉन आणि अतिनील किरण हे प्लॅस्टिक अडवतं. चष्म्यात तो त्याचा गुण मानतात. मी कण एका बाजूला मारले, लेसर दुसऱ्या. मधल्या एक मिलिमीटरमुळे दोघांची कधी गाठच पडली नाही, आमच्या सोसायटीतल्या समोरासमोरच्या बिऱ्हाडांसारखी.

"लेसरचा काहीच परिणाम झाला नाही, असं लिहू का?" मी चाचरत विचारलं.

"कशावर?" मॅडम म्हणाल्या.

पोस्टर मात्र दणकट निघालं. पावसाळ्यात स्कूटरवर घालतो. अक्षरं आतल्या बाजूला.