वाकडचा फ्लॅट

राहायला कोथरूड नाहीतर सदाशिव पेठ, पण जीव टांगलेला वाकडच्या सहाव्या मजल्यावर, असे गृहस्थ पुण्यात हमखास भेटतात. आपण त्यांना नाना म्हणू. नानांनी 2013 साली ‘गुंतवणूक’ म्हणून टू बीएचके घेतला. पाच वर्षांत दुप्पट, असं बिल्डरच्या ऑफिसातल्या टायवाल्या पोराने त्यांना सांगितलं आणि नानांनी ते समस्त व्याह्यांना सांगितलं. मग 2016 च्या नोव्हेंबरात नोटबंदीने बाजार गारठला. 2020 च्या मार्चनंतर तर आयटीतली पोरं लॅपटॉप काखोटीला मारून आपापल्या गावी गेली, घरून काम करायला. फ्लॅटला कुलूप, हप्ता चालू.

‘भाव पडला’ हे शब्द नानांसमोर काढायचे नाहीत. “भाव जागेवर आहे हो, गिऱ्हाईक पडलंय!” त्या सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं, तेव्हा एक गिऱ्हाईक खरंच आलं. चहा पिऊन, बाल्कनीतून हिंजवडी बघून त्याने आकडा सांगितला. नानांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली म्हणतात.

विकायचा नाही म्हटल्यावर भाड्याने देणं आलं. तेजीच्या दिवसांत नाना भाडेकरू निवडायचे ते जावई निवडल्यासारखे. फक्त हुंडा डिपॉझिटच्या नावाने घ्यायचे. सोसायटीच्या फाटकावर त्यांच्या हातचा कागद असे : ‘फक्त फॅमिली. फक्त शाकाहारी. एजंट नकोत.’ मंदीत तो कागद वाचण्यासारखा झाला. पावसाळ्यात ‘शाकाहारी’वर निळ्या पेनाची रेघ आली, दिवाळीत ‘फॅमिली’वर काळ्या. संक्रांतीला ‘नकोत’ खोडून वर बारीक अक्षरात ‘चालतील’. भाड्याचा आकडा मात्र पेन्सिलीने. नाना दूरदर्शी!

सोसायटीशी भांडण वेगळंच. फ्लॅट भाड्याने दिला, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, हा 2001 चा सरकारी आदेश नानांनी लॅमिनेट करून ठेवलाय. सेक्रेटरी दिसला की पिशवीतून काढतात. भाडेकरू नसताना हा लढा कशासाठी, ते विचारू नये. तत्त्वाचा प्रश्न असतो.

शेवटी एजंटाने एक बॅचलर आणला. अंगात बर्म्युडा, बोलायला अत्यंत नम्र. त्याने गीझर लावून बघितला, सगळे नळ सोडले, पार्किंगचा खांब मोजला. नाना मागे मागे. “अकरा महिन्यांचाच करार करू, म्हणजे नोंदणीची भानगड नाही,” नाना म्हणाले.

“काका, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. 1999 चा कायदा आहे. नाही नोंदवला आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. मला चालेल, तुमचं बघा.”

नाना मटकन किचनच्या ओट्याला टेकले.

“आणि तुमच्या आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळेल का? जरा चौकशी करीन म्हणतो.”

आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट देताना नानांनी भिंतीतल्या चार खिळ्यांचे अडीच हजार कापले होते. त्याच रात्री त्याला नानांचा फोन गेला. “अरे, कसा आहेस? आईची तब्येत काय म्हणते? बरं, ते खिळ्यांचे पैसे तुला जीपे करू, की घरी आणून देऊ?”