कपाटातलं ४०९०

आमच्या एका स्नेह्यांनी ‘आरटीएक्स ४०९०’ न वापरण्याचा जो निर्धार दाखवला आहे, त्याबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. एनव्हिडियाने हे ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आणलं. तेव्हा अमेरिकेत किंमत १,५९९ डॉलर, आपल्याकडे दीड लाखाच्या वर. स्नेह्यांनी ते घेतलं आणि सील न फोडता कपाटात, वहिनींच्या पैठणीशेजारी ठेवलं. सोबत डांबरगोळी.

विका म्हणणाऱ्यांना त्यातलं काय कळतं? चालू कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खातं, तापतं. काहींचे तर कनेक्टर वितळले. कपाटातलं कार्ड शून्य वॅटवर चालतं आणि आजतागायत एकदाही हँग झालेलं नाही. २४ जीबी मेमरी, तीही कोरी करकरीत!

२०२५ मध्ये ३२ जीबीचं ५०९० आलं. वहिनी म्हणाल्या, “अहो, आता तरी काढा.” पण स्नेह्यांचं अर्थशास्त्र पक्कं: भाव उतरला की तोट्यात कोण विकतं, आणि चढला की चढता माल कोण सोडतं?

खंडेनवमीला कार्डाची यथासांग पूजा होते. संगणकाची होत नाही. तो अजून घ्यायचा आहे.

अखेर त्यांनी विक्रीला तत्त्वतः मान्यता दिली. अट एकच, घेणाऱ्याने ते वापरता कामा नये. लॅमिंग्टन रोडच्या ओळखीतून लगेच गिऱ्हाईक मिळालं. अनुभवी गृहस्थ आहेत; त्यांच्या कपाटात आधीच दोन आहेत.